डावीकडचं मागचं दार

१

आमच्या दुकानात गाडी आली की मी आधी तिच्या आत जाऊन बसते. पत्रा, रंग, इंजिन बघायला दुसरी माणसं आहेत. आमचं काम आतलं. सीटा, छताचं कापड, दारांचे पॅड. पाच मिनिटं गप्प बसलं की गाडीचं कुठे दुखतं ते कळतं, असं माझे सासरे कोंडाजी सांगतात. चौल नाक्यावर त्यांनी चाळीस वर्षं हेच काम केलं. गुडघे गेल्यावर शिलाई मशीन, कात्री आणि गिऱ्हाइकांची घाई त्यांनी माझ्या हवाली केली. स्वतः मात्र दुकानासमोर बाक टाकून बसले आणि नागावला निघालेल्या मुंबईकरांना रस्ता सांगायचं काम पत्करलं.

"चुकीचा सांगितला तरी समुद्रच लागतो," असं त्यांचं म्हणणं.

माघातल्या एका सोमवारी सकाळी पोयनाडचे हिरामणशेठ त्यांची जुनी फियाट घेऊन आले. हिरामणशेठांचे वडील मिठागरावर होते, हे स्वतः ट्रकच्या धंद्यात. घरात दोन नव्या गाड्या आहेत, तरी स्वतः कुठे जायचं असलं की ही फियाटच काढतात. शेजारच्या सीटवर त्यांच्या बायको येसूबाई होत्या. त्या उतरल्या नाहीत, नुसती मान हलवली.

"सुचिता, पोरीचं लगीन हाय शनिवारी. नागावला, वाडीत," हिरामणशेठ म्हणाले. "हेमाली बोलते, नवी गाडी नको, मी आपल्या फियाटमधनंच जानार. तर चारी दारांचे पॅड नवे कर. रेक्झिन तुला आवडंल ती घाल, फक्त लाल नको, तिच्या मावशीनं लाल साडी घेतलीय. हँडलं चकाचक कर. आन् डाव्या बाजूचं मागचं दार उघडत न्हाय, ते तेवढं उघडाला पायजे. मांडव त्या बाजूला येतो. नवरी तिथनंच उतरनार."

"कधीपासून उघडत नाही?"

"सेकंडहँड घेतली तवापासून. एकवीस वर्षं झाली."

"एकवीस वर्षांत कुणाला दाखवलं नाही?"

"बाकीची तीन उघडतात की," हिरामणशेठ म्हणाले. कोंडाजींना हे इतकं पटलं की त्यांनी त्यांना बाकावर बसवून चहा पाजला.

२

मंगळवारी काम सुरू केलं. फियाटच्या दाराला आतून तीन वस्तू असतात. काच वरखाली करायचं हँडल, दार उघडायचं हँडल आणि हात टेकायची मूठ. मूठ दोन स्क्रूंवर बसलेली असते. हँडलांना मात्र स्क्रू दिसत नाही. हँडलच्या मागे एक चकती असते, ती आत दाबून धरायची, मग हँडलच्या मानेत एक बारीक पिन दिसते. ती खिळ्याने ठोकून पलीकडून काढायची. नवा माणूस स्क्रू शोधत बसतो, मग चिडतो आणि हँडल तोडतो. मीही पहिल्या वर्षी दोन तोडली होती. कोंडाजींनी तेव्हा तुटकी हँडलं माझ्या शिलाई मशीनवर नीट मांडून ठेवली होती.

तीन दारं अर्ध्या तासात झाली. हँडलं, चकत्या, पिना एका स्टीलच्या ताटात जमा केल्या. चौथं दार उघडतच नव्हतं, म्हणून उजव्या बाजूने आत शिरले आणि मागच्या सीटवरून सरकत पलीकडे गेले. गाडीची डावी बाजू भिंतीकडे होती, त्यामुळे तिथे अंधुक होतं. गुडघे दुमडून बसले आणि दार उघडायच्या हँडलला हात घातला.

हँडल कोमट होतं.

गरम नव्हे. एसटीत कुणीतरी दांडीवरून हात काढावा आणि लगेच तिथेच आपण धरावं, तेवढं कोमट. मी हात काढला. ऊन लागलं असेल म्हणावं तर त्या भिंतीकडे दिवसभर ऊन येत नाही. मग वाटलं, तीन दारं खोलून माझाच हात तापलाय. बाहेर येऊन ताटातल्या हँडलांना हात लावून पाहिला. ती माघातल्या सकाळसारखी गार होती.

"काय झालं?" कोंडाजींनी बाहेरून विचारलं.

"काही नाही. हँडल गरम लागतंय."

"मंग फुंकर मार," ते म्हणाले.

मला हसू आलं. परत आत गेले, पिन ठोकली, दोन्ही हँडलं काढली. ताटात टाकेपर्यंत तीही बाकीच्यांसारखी गार झाली होती.

३

पॅड म्हणजे रेक्झिन चढवलेला हार्डबोर्ड. तो कडेच्या क्लिपांवर दाराला धरलेला असतो. पातळ पट्टी घालून एक एक क्लिप उचकटत गेलं की सगळा पॅड हातात येतो. या दाराच्या खालच्या क्लिपा सैल होत्या, बाकीच्या घट्ट. पॅड भिंतीला टेकवून ठेवला आणि बॅटरी लावून दाराच्या पोटात पाहिलं.

दार उघडायच्या हँडलपासून कडेच्या लॉककडे एक लोखंडी सळी जाते. हँडल ओढलं की सळी मागे येते आणि लॉक सुटतं. त्या सळीला तार गुंडाळलेली होती. चांगली जाड, बांधकामात वापरतात तसली. सळीला सहासात वेढे, मग पत्र्याच्या भोकातून ओवून पुन्हा वेढे, आणि शेवटी टोकं पक्कडीने पिळून आत वळवलेली. जुनी, गंजलेली, पण जागची जराही हललेली नाही.

दार बिघडलं नव्हतं. आतून उघडू नये म्हणून कुणीतरी ते बांधलं होतं, आणि मग वरून पॅड लावून नीट झाकलं होतं.

मी बराच वेळ त्या वेढ्यांकडे बघत बसले. सामान पडू नये म्हणून बांधलं असेल. कुणाचं मूल चालत्या गाडीत हँडलशी खेळत असेल. कारणं भरपूर सुचली, सगळी शहाण्या माणसाला पटतील अशी. पण मूल खेळतं म्हणून दार बांधायचं तर दोन वेढे पुरतात.

हिरामणशेठांना फोन केला. मागे बँजोचा सराव चालू होता.

"हे मागचं दार याआधी कुणी खोललं होतं का?"

"आमी तर न्हाय. का, लय बिघडलंय?"

"नाही, होईल," मी म्हणाले. लग्नघरात तारेची गोष्ट काय सांगायची, म्हणून सांगितली नाही.

"आमी त्या बाजूला कुनी बसतच न्हाय," ते म्हणाले. "सवयच न्हाय."

४

हँडल काढलं की काचेच्या मशीनची नुसती दात्यांची खुंटी दारातून बाहेर राहते. पॅड काढताना काच पूर्ण वर होती, हे मला पक्कं आठवतं, कारण तिच्यावर कुठल्यातरी देवस्थानाचा अर्धा फाटलेला स्टिकर होता आणि तो रबराला चिकटला होता. जेवून आले तेव्हा स्टिकर खाली आला होता. काच दोन बोटं उतरली होती.

खुंटीला पक्कड लावून वर केली. चहानंतर पाहिलं तर पुन्हा दोन बोटं.

"मशीन जुनं झालंय," कोंडाजी म्हणाले. "स्प्रिंग दमली. काच आपल्या वजनानं उतरते. मी पन आता बाकावरनं खाली घसरतोच की."

मी काच वर करून फटीत लाकडाची पाचर ठोकली. बुधवारी सकाळी दुकान उघडलं तेव्हा काच उतरलेली होती आणि पाचर मागच्या सीटवर पडली होती. ठोकलेली पाचर सुटून पडली तर खाली पायाशी पडेल किंवा दाराच्या पोटात. ही सीटच्या बरोबर मधोमध होती, आडवी, ठेवल्यासारखी.

काच पुन्हा वर केली आणि मी मोतिया रंगाची रेक्झिन कापायला बसले. बाहेर नागावच्या गाड्यांची वर्दळ होती, कोंडाजी कुणाला तरी रेवदंड्याच्या पुलाचा पत्ता सांगत होते. हात थांबवला तेव्हा आवाज ऐकू आला. टक. मग जरा वेळाने टक. मी कात्री खाली ठेवली आणि उघड्या उजव्या दारातून वाकून पाहिलं.

खुंटी फिरत होती. एक दाता पुढे, थांबायची. मग दुसरा. काच वजनाने उतरली तर एकदम उतरेल, नाहीतर सरकत उतरेल. ही तशी नव्हती. कमी ताकदीच्या माणसाने दोन्ही हातांनी फिरवावं, दम लागावा, मग पुन्हा फिरवावं, तशी. खुंटीवर हँडल नव्हतं. ते माझ्या मागे ताटात होतं.

दोन बोटं काच उतरली आणि आवाज थांबला.

मला भीती वाटली हे खरं. पण भीतीच्या आधी जे मनात आलं ते सांगते. मनात आलं, आत फार कोंदत असेल. बाकीची तीनही दारं तर सताड उघडी होती. पण माणूस ज्या दाराशी बसतो, त्याच दाराकडे त्याचं लक्ष असतं.

ती काच मी पुन्हा वर केली नाही.

५

गुरुवारी हेमाली रंग बघायला आली. अलिबागला फिजिओथेरपीचं काम करते, तोंडाने अखंड बोलते आणि हाताने समोरच्याची मान तपासते. कोंडाजींचे गुडघे तिने तिथेच बाकावर दाबून पाहिले आणि त्यांना तीन व्यायाम लावून दिले. ते एकही करणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं.

"मोतिया मस्त दिसतोय सुचिताताई. माझी साडी उठून दिसेल. बसून बघू?"

"बस की. शनिवारी बसशील तशीच बस."

ती उजव्या दाराने आत शिरली आणि उजव्याच बाजूला बसली. दाराला अगदी चिकटून, पाय तिरके करून, पिशवी मांडीवर. मागची अख्खी सीट रिकामी होती आणि ती तिघांच्या सीटवर चौथी बसल्यासारखी बसली होती.

"पलीकडे सरक ना. त्या बाजूने उतरायचं आहे तुला."

"हो, खरंच." ती सरकली. पण मध्यावर येऊन थांबली आणि तिथेच बसली. "एवढं बास. इथनं पण उतरता येईल."

"नीट बस. साडी चुरगळेल अशाने."

"मी लहानपणापासून अशीच बसते," ती हसत म्हणाली. "आई-बाबा पुढे, मी मागे. आमच्या लांबच्या लांब फेऱ्या असायच्या, गुजरातपर्यंत. बाबा म्हणायचे, ही पोरगी कंटाळत कशी नाही. आणि मला खरंच कधी कंटाळा यायचा नाही."

बोलता बोलता तिने स्वतःच्या आणि डाव्या दाराच्या मधल्या रिकाम्या जागेत हात टेकवला, मग तो अलगद उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. कुणाला चुकून लागला की घेतो तसा. तिचं स्वतःचं लक्षही नव्हतं. ती नवऱ्याकडच्या जेवणाच्या बेताविषयी सांगत होती.

ती गेल्यावर कोंडाजी बराच वेळ गुडघे चोळत बसले. मग म्हणाले, "पोरगी गुणी हाय."

"बाबा, त्या दारात तार आहे," मी म्हणाले, आणि त्यांना सगळं सांगितलं. काच, पाचर, खुंटी. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

"बांधनाऱ्यानं कायतरी बघून बांधलं असंल," ते म्हणाले. "राहूं दे. दार होत न्हाय म्हनून सांग. नवरी उजवीकडनं उतरंल, कोनाचं काय अडतं?"

६

शुक्रवारी संध्याकाळी हिरामणशेठ गाडी न्यायला येणार होते. सकाळी आम्ही फियाट ढकलून अंगणात आणली. डावी बाजू आता रस्त्याकडे होती, कोंडाजींच्या बाकासमोर, लख्ख उन्हात. तीन दारांचे पॅड बसवले, हँडलं लावली. जेवायच्या वेळेपर्यंत तेवढं एकच दार उरलं.

मी आत जाऊन बसले. सीटवर मधोमध, हेमालीसारखी. माझ्याही लक्षात आलं की मी पुढे सरकत नाहीये. हातात पक्कड होती.

कोंडाजींचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दार होत नाही म्हणून सांगितलं असतं तर हिरामणशेठ काही बोलले नसते. एकवीस वर्षं बोलले नव्हते. पण शनिवारी हेमाली नव्या साडीत, नव्या नवऱ्यासोबत या सीटवर बसणार होती. तिघं बसणार होते, आणि त्यातल्या दोघांना आपण दोघंच आहोत असं वाटणार होतं. आणि दुसरी गोष्ट अशी, की मी ती खुंटी फिरताना पाहिली होती. दमून दमून फिरवणाऱ्याचं दार बांधलेलं आहे हे कळल्यावर त्यावर नवी रेक्झिन चढवणं माझ्याने होईना.

"कापते मी बाबा," मी उघड्या काचेतून म्हणाले.

कोंडाजींनी माझ्याकडे पाहिलं. "मंग एकदाच काप," ते म्हणाले. "अर्धवट ठेवू नको."

तार कापायला दहा मिनिटं लागली. एकेक वेढा तोडून ओढला, तुकडे डब्यात टाकले. सळीला तेल दिलं. हाताने ओढून पाहिली तर लॉक लगेच सुटलं, जसं काही रोज चालतंय. दार लोटून पुन्हा बंद केलं. पॅड बसवला, काचेचं हँडल लावून पिन ठोकली, मूठ लावली. शेवटी दार उघडायचं हँडल खुंटीवर चढवलं. त्याची पिन आणायची राहिली होती, ती ताटात होती, ताट आत मशीनवर. उजव्या दाराने उतरले आणि दुकानात गेले.

पिन हातात घेतली तेव्हा मागे खट् असा आवाज झाला.

मी वळले. फियाटचं डावं मागचं दार उघडत होतं. झटक्याने नाही. आतून कुणीतरी जपून ढकलावं तसं, पूर्ण, बिजागरी थांबेपर्यंत. मग गाडीचा मागचा डावा कोपरा वर आला. दोन बोटं, तीन बोटं. माणूस उतरलं की गाडी स्प्रिंगवर उचलली जाते तशी. आणि सीटची दबलेली रेक्झिन हळूहळू फुगत पूर्ववत झाली, बारीक सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करत.

उन्हात दुसरं काही नव्हतं. अंगणातली धूळसुद्धा हलली नाही.

बाकावर बसलेल्या कोंडाजींनी दोन्ही पाय आत घेतले. समोरून कुणी जायला लागलं की आपण घेतो ना, तसे. त्यांची नजर डावीकडून उजवीकडे गेली. उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं इतकी वर नव्हती, त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांच्या जरा वर होती. नाक्यापर्यंत त्यांनी नजर नेली आणि तिथे थांबवली.

"कोन गेलं गो?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, बाबा."

"बरं." त्यांनी पाय पुन्हा लांब केले. थोड्या वेळाने म्हणाले, "रस्ता न्हाय विचारला. म्हायती असंल."

माझ्या मुठीत पिन रुतली होती. ती हँडलला लावली, ठोकली, दार चार वेळा उघडून बंद करून पाहिलं. हँडल गार होतं. भर उन्हात, गार.

७

लग्न छान झालं. नागावच्या वाडीत माडांना दिवे लावले होते, बँजो असा वाजत होता की होमस्टेमधले पाहुणे बर्म्युडावरच नाचायला आले. फियाट मांडवापाशी थांबली तेव्हा मी मुद्दाम पुढे उभी होते. हेमाली डावीकडे बसली होती, ऐसपैस, साडी पसरून. तिने आतून हँडल ओढलं, दार उघडलं आणि ती उतरली. उतरताना एकदा मागे वळून सीटकडे पाहिलं. काहीतरी गाडीत राहिलं की काय, असं. मग पुढे गेली.

सोमवारी येसूबाई आल्या. हिरामणशेठ त्यांना सोडून हवा भरायला समोर गेले. येसूबाईंच्या हातात लग्नातल्या लाडवांचा डबा होता. कोंडाजींना दोन दिले, मला चार, आणि माझ्या शिलाई मशीनपाशी येऊन बसल्या. आठवडाभर त्यांच्या तोंडून मी एक शब्द ऐकला नव्हता.

"तार कापलीस ना गो?" त्यांनी विचारलं.

कोंडाजींशिवाय मी कुणालाच तारेचं सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होती काकी?"

"गाडी घेतली त्याच साली पॅड खालनं सुटला व्हता. चिकटवाला म्हनून आत हात घातला, तर तार हाताला लागली. ह्यांना न्हाय सांगितलं." त्या डब्याचं झाकण लावत, काढत होत्या. "हेमाली चार वर्षांची व्हती. आमी दोगं पुढं, ती मागं. दिसभर गाडीत. पन कधी रडली न्हाय, पुढं येते बोलली न्हाय. मागं गुलूगुलू बोलत बसायची. मी वळून बगायचे न्हाय. म्हटलं, हाय तर असूं दे. पोरीला सोबत हाय."

समोर हिरामणशेठांनी हॉर्न दिला. येसूबाई उठल्या नाहीत.

"त्या दुसरीला सोडवाला पायजे व्हतं. रोज वाटायचं. पन मंग पोरगी एकटी पडली असती." त्यांनी पदराने डोळे टिपले आणि हसल्या, लग्न पार पडलेल्या आईसारख्या, थकून. "घर कसं खायाला उठतं बग. दोगी एकदमच गेल्या."